फरशीवरचा टप्पा

ता. ९ मार्च

चि. फौजदारास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तू 'बरं, बरं' म्हणून मोकळा होतोस, म्हणून मुद्दाम लिहायला बसले. कागद तुला मध्येच तोडता येणार नाही. भिंगरी तुझ्याकडे शिकायला राहिल्यापासून तिच्या तक्रारी तू मला सांगतोस आणि तुझ्या ती. तुम्हा मामा-भाचीच्या भांडणात मला न विचारता पंच नेमल्याबद्दल आभारी आहे. पोलिसांच्या शिक्षकाच्या घरात राहून ती मोर्चांच्या पाट्या रंगवते, हे ऐकून मला हसू येतं आणि धास्तीही वाटते.

कामाचं विचारशील, तर काम आहे, नको इतकं आहे. भिंगरीचे बाबा गेले तेव्हा लोक म्हणाले होते की खोटे डोळे बनवण्याचा धंदा एकट्या बाईला झेपायचा नाही. झेपतो. माझं टेबल अजून त्याच खिडकीशी आहे, कारण बुबुळाचा रंग दिव्याखाली फसवतो. एरवी माझ्याकडे येतात ती आजारात डोळा गमावलेली म्हातारी माणसं, नाहीतर खेळताना डोळ्याला तार लागलेलं एखादं पोर. यंदा मात्र वेगळीच माणसं येताहेत. धडधाकट, तरुण, आणि खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवणारी.

काल एक पाव भाजणारा आला होता. मोर्चात नव्हता, दुकानाचं दार लावून घ्यायला बाहेर आला होता एवढंच. तुमची रबरी गोळी लागली. साचा घेताना माझ्या लक्षात आलं की त्याच्या खोबणीची खालची कड मोडलेली आहे. तिथे आधार नसला की डोळा नीट बसत नाही, खाली कलतो. मी विचारलं कुठून आली गोळी, तर म्हणाला खालून. त्याच्या आधी एक शिंपीण येऊन गेली, ती पण खालून म्हणाली. मी म्हटलं, पोलीस काय गटारात बसून गोळ्या मारतात का?

तू हेच शिकवतोस ना रे तिथे? काय शिकवतोस ते मला एकदा नीट समजावून सांग. पाणीपट्टीवरून मोठा मोर्चा निघणार आहे म्हणे आणि भिंगरी जाणार म्हणून हटून बसली आहे. तोवर मला स्वस्थता नाही. रंगाची कुंचली धरते आणि रेघ चुकते, हे माझ्या धंद्याला परवडणारं नाही.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो तुझ्या उत्तराच्या लांबीवरून मोजणार आहे.

तुझी,
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र कसलं, हजेरीच घेतलीस. लहानपणी मी काठी घेऊन कोंबड्यांना रांगेत उभं करायचो म्हणून तू मला फौजदार नाव ठेवलंस. खरा फौजदार तूच आहेस, मी आपला कोंबड्यांमधला.

भिंगरी मजेत आहे. कालच तिने माझ्या कपाटाच्या दारावर 'पाणी आमच्या हक्काचं' असा कागद डकवला. त्याच दिवशी आमच्या वसाहतीचं पाणी गेलं होतं, त्यामुळे मी तो तसाच राहू दिला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. आमच्या खात्यात या शस्त्रांना आधी 'अघातक' म्हणत. मग कुणाला तरी शंका आली आणि 'कमी घातक' झालं. पोरं वर्गात विचारतात, साहेब, कमी म्हणजे किती? मी सांगतो, परीक्षेत 'कमी' एवढंच लिहा, किती ते कुणी विचारत नाही. हा झाला विनोद. पण मी हे काम विनोद म्हणून करत नाही, हे तुला माहीत आहे. मी नवा होतो तेव्हा रबरी गोळी सरळ माणसावर मारत असत. छातीवर बसून एक जण माझ्यासमोर गेला. घरी आल्यावर मी जेवलो नव्हतो, तू विचारलंस तेव्हा दाढ दुखते म्हणालो होतो.

मी शिक्षक झालो तेव्हा पहिलं काम केलं ते हे बदलण्याचं. आता माझी पोरं माणसावर नेम धरत नाहीत. गर्दीच्या पायांपुढे जमिनीवर मारतात. गोळी टप्पा घेते, जोर कमी होतो आणि नडगीवर लागते. नडगीला लागलं की माणूस कळवळतो आणि मागे फिरतो, बस. पुस्तिकेत मी मोठमोठे शब्द घातले नाहीत, साधा 'टप्पा' लिहिला. हुकूमही तोच. 'टप्पा' म्हटलं की नळी खाली जाते. आमच्या मैदानावर हजारदा मारून पाहिलंय, पोत्यांच्या बुजगावण्यांवर गुडघ्याच्या वर एक खूण सापडायची नाही. तेव्हापासून मेलं कोणी नाही, ताई. मेलं कोणी नाही.

तो पाववाला वाकला असेल, नाहीतर कुणीतरी हुकूम मोडून वर मारलं असेल. असा पोरगा सापडला तर मी त्याची कातडी सोलीन. तू उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. भिंगरीला मी सांभाळतो, म्हणजे निदान तसा प्रयत्न करतो.

माया कमी होऊ देऊ नकोस, मग रागाचं मी बघून घेईन.

तुझा,
फौजदार

ता. २१ मार्च

चि. फौजदारास,
अनेक आशीर्वाद. उत्तम हा शब्द आज मुद्दाम गाळला आहे.

'मेलं कोणी नाही' हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. ते वाचलं तेव्हा समोर ती शिंपीण बसली होती. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, सुई एकीकडे आणि दोरा भलतीकडेच जातो. एका डोळ्याने अंतर कळत नाही रे. तिची मुलगी सकाळी शाळेत जाण्याआधी दिवसभराच्या सुया ओवून ठेवते. ती मेलेली नाही, तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे.

वाकला असेल म्हणतोस. तिघंही तीन वेगळ्या ठिकाणी वाकली असतील का? परवा तिसरा आला, वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. तोही खालून म्हणाला. तुझी पोरं हुकूम मोडत असतील तर निदान एखादा तरी वरून म्हणाला असता. मला वाटतं तुझी पोरं हुकूम अगदी तंतोतंत पाळताहेत.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्या 'टप्पा' शब्दावर अडकले. आपला चेंडू आठवतो? मागच्या अंगणात मातीवर खेळायला आई काही बोलत नसे. पुढच्या फरशीवर चेंडू दिसला की मात्र धपाटा ठरलेला. का, तर फरशीवरचा टप्पा कुठे उडेल याचा नेम नसायचा. तुझं नाक फुटलं ते तिथेच, आणि बशा फुटल्या त्याही तिथेच. मातीत मात्र चेंडू कसा शहाण्यासारखा गुडघ्याशी येऊन थांबायचा.

तुमचं मैदान कसलं आहे रे?

इथले रस्ते दगडी आहेत. पाववाल्याच्या दुकानासमोरही दगडच आहे, मी जाऊन पाहून आले. एवढं लिहून थांबते. मोर्चाची तारीख ठरली असं भिंगरीने कळवलंय आणि मी या घरात एका जागी बसू शकत नाही. उठते, खिडकीशी जाते, परत येते, आणि चहा केलेला विसरते.

उत्तर लगेच दे. रागावले आहे म्हणजे परकी झाले असं समजू नकोस.

तुझी,
ताई

ता. २८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन मी मैदानावर गेलो आणि बराच वेळ नुसता उभा राहिलो. आमचं मैदान मातीचं आहे. त्यावर रोज सकाळी पाणी मारतात आणि रूळ फिरवतात. हे मीच सुरू केलं होतं, धुळीने पोरांचे डोळे येत म्हणून. डोळे जपायला म्हणून, ताई. त्या ओल्या मऊ मातीवर आम्ही टप्पा शिकलो, शिकवला आणि पास झालो. फरशीवर मारून बघायचं माझ्या एकट्याच्याच नव्हे, कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग माझ्या हाताखालच्या हवालदाराला घेऊन मी कोठारासमोरच्या दगडी रस्त्यावर गेलो. पोत्याचं बुजगावणं उभं केलं आणि डोक्याच्या जागी जुना फुटबॉल बांधला. पहिली गोळी त्याच्या पोटावर बसली. दुसरी डोक्यावरून गेली, कुठे पडली ते सापडलं नाही. तिसरीने फुटबॉल उडवला, तो नाल्याच्या कडेला जाऊन पडला. त्याला तोंड नव्हतं, तरी मी तोंड फिरवलं. हवालदार म्हणाला, साहेब, आणखी एक मारू का? मी नको म्हणालो. तेव्हापासून जेवणावर वासना नाही. बूट घालतो, काढतो, परत घालतो. भिंगरी म्हणते मामा, तू आता मोर्चात यायच्या लायकीचा झालास.

मोठ्या साहेबांकडे गेलो. मोर्चा झाला की बघू म्हणाले. मी म्हटलं मोर्चाआधीच बघायला हवं. त्यावर ते म्हणाले, हातातलं शस्त्र काढून घेतलं तर पोरांनी तिथे काय टाळ्या वाजवायच्या? शिवाय बुजगावणं ताठ उभं असतं, खरा माणूस गोळी बघून वाकतो. मी म्हटलं, साहेब, वाकला की डोळे आणखी खाली येतात. त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना वाईट माणूस म्हणवत नाही, फक्त त्यांना घाई असते. शेवटी शुक्रवारी दगडावर प्रात्यक्षिक दाखव, मी स्वतः येतो, इथवर गाडी आली. त्यांनी बघितलं की हुकूम फिरेल अशी मला आशा आहे. नाही फिरला तर मोर्चाच्या दिवशी माझी पोरं माझाच शब्द ऐकून माझ्याच भाचीपुढे नळी खाली करतील. हा विचार मला बसू देत नाही.

भिंगरीला मी जाऊ नको म्हणालो. ती म्हणाली, मला सांगण्यापेक्षा तुझ्या पोरांना सांग ना. मग मी माझा मैदानावरचा जाड चष्मा तिला देऊन टाकला आणि घराबाहेर पडताना डोळ्यांवरून काढायचा नाही अशी शपथ घातली. रोज छोटे मोर्चे चालूच आहेत, त्यातही ती जाते. तू विचारायच्या आधीच सांगतो, मला शुक्रवारी चष्म्याची गरज नाही. मी गोळी मारणाऱ्याच्या मागे उभा असेन. सगळ्यात सुरक्षित जागा तीच, माझ्याच पुस्तिकेत लिहिलंय.

तुझा धपाटा मान्य आहे. पुढचे धपाटे मात्र आईच्या नावाने राखून ठेव.

तुझा,
फौजदार

ता. १६ एप्रिल

चि. फौजदारास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र भिंगरी तुला वाचून दाखवेल. भिंगरे, जिथे तुझं नाव येईल तिथे गाळायचं नाही, सगळं वाचायचं. मामाला सगळं ऐकू दे.

मी तुझ्याजवळ इतके दिवस होते तरी जे बोलायचं ते बोलले नाही. तू पट्टी बांधून पडला होतास आणि मी मोसंबी सोलत होते. आता घरी येऊन लिहिते, कारण समोर असलं की मला जमत नाही.

त्या शुक्रवारी दुपारी तुमच्या कचेरीतून फोन आला. कुणी कारकून होता. तुमच्या माणसाच्या डोळ्याला लागलंय, लगेच या, एवढंच म्हणाला आणि ठेवला. तुमच्या माणसाच्या! त्यात कोण काय समजणार? मी समजले भिंगरी. मला दुसरं कुणी सुचलंच नाही. तू तर मागे उभा राहणार होतास.

बसमध्ये मी रडले नाही. काय केलं सांगू? मी तिच्या डोळ्याचा रंग जमवत बसले. कडेला काळपट हिरवी रेघ, आत मधासारखा तपकिरी, डाव्या बुबुळात खाली तो एक तीळ. बोटं मांडीवर रंग कालवत होती. शेजारची बाई माझ्याकडे बघून सरकून बसली. मी मनात तो डोळा पुरा केला आणि पुसला, परत पुरा केला आणि पुसला.

इस्पितळाच्या जिन्यावरून वर आले तर वॉर्डाच्या दारात भिंगरी उभी. तुझा तो जाड चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि खाली दोन डोळे. दोन्ही लाल, दोन्ही तिचे. आणि मी हसले रे. मोठ्याने हसले. तिला छातीशी धरून हसत सुटले, परिचारिका बघत राहिली. भिंगरीने नुसतं आतल्या खाटेकडे बोट दाखवलं. खाटेवर तू होतास.

काय झालं ते हवालदाराकडून ऐकून तिनेच सांगितलं, तू तर नुसता दाढ दुखत असल्यासारखा पडून होतास. म्हणाली की पहिले टप्पे ठरल्यासारखे वर उडाले आणि साहेब बघत राहिले. मग एक गोळी रस्त्याच्या दगडी कठड्यावर आपटली आणि उलटी आली, हवालदाराच्या कानाजवळून, साहेब आणि तू उभे होतात तिथे. साहेबांच्या खांद्याला चाटून तुझ्या डोळ्यात. पुस्तिकेतली सगळ्यात सुरक्षित जागा. हुकूम त्याच संध्याकाळी फिरला असं ऐकलं. तुमच्या साहेबांना दया आली की खांदा दुखला, मला माहीत नाही, आणि विचारायचीही इच्छा नाही.

भिंगरी मनाला लावून बसली आहे. चष्मा मामाच्या डोळ्यावर असता तर, हे एकच तिच्या तोंडी आहे. तिला तू काहीतरी सांग, माझं ती ऐकत नाही.

आणि माझं काय करायचं ते तू ठरव. तुझा डोळा गेला त्या दिवशी तुझी सख्खी बहीण हसली. दिवसा कामात विसरते, पण कुंचली धुवायला घेतली की ते आठवतं आणि मी आहे तिथे उभी राहते. तुला कळलं नसेल असं स्वतःला सांगत होते. पण न सांगता तुझ्या डोळ्याचं माप घेणं मला जमणार नाही.

जखम भरली की ये. साचा मीच घेईन, दुसऱ्या कुणाकडे गेलास तर याद राख.

तुझी,
ताई

ता. १२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे ते चालवून घे. ओळी वर चढताहेत, म्हणजे त्याही टप्पा घेताहेत. चहा ओततो तो कपाशेजारी पडतो. तुझ्या शिंपिणीला माझा नमस्कार सांग, आता मला तिची सुई समजते.

डोळा छान बसला आहे. तुझ्या खुर्चीत बसलो तेव्हा म्हटलं होतं माझा फोटो आणतो, तर तू म्हणालीस नको. मग भिंगरीला खिडकीत बसवलंस आणि तिच्याकडे बघून माझा डोळा रंगवलास. आपल्या घरात एकच रंग आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. भिंगरी तेव्हापासून जरा सावरली. मी तिला सांगितलं की चष्मा माझ्याकडे असता तर तो मी घातलाच नसता, कारण शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेच होता. ते तिला लगेच पटलं. इतकं लगेच पटायला नको होतं.

मोर्चाचं तू तिच्याकडून ऐकलंच असशील. ती घसा बसवून घरी आली आणि दोन दिवस खुणांनी बोलत होती. इतकी शांतता या घरात कधी नव्हती. माझी पोरं रस्त्यावर ढाली घेऊन उभी होती. दगड आले, एक-दोघांना टाकेही पडले, पण 'टप्पा' कुणी म्हणालं नाही. पुस्तिकेतलं ते पान मी फाडलं. तो शब्द आता तुझ्या-माझ्या चेंडूपुरताच राहिला.

पण स्वस्थता आली असं समजू नकोस. परवा कोठारात नव्या पेट्या उतरल्या. कसलंसं यंत्र आहे, नुसता आवाज करतं म्हणे, माणूस कान दाबून पळून जातो. पेटीवर मोठ्या अक्षरात 'सुरक्षित' छापलंय. मी साहेबांना विचारलं, हे कुठे तपासलं? मोकळ्या माळावर, म्हणाले. मी विचारलं, गल्लीत तपासलं का, दोन्हीकडे भिंती असताना, खिडकीत तान्हं मूल असताना? साहेब खांदा चोळत बसले. मी रोज जाऊन तेच विचारतो. मला बघितलं की ते फोन उचलतात, तो वाजलेला नसतो.

आता तू जे मला ठरवायला सांगितलंस ते. ताई, वॉर्डाचं दार उघडं होतं आणि माझी खाट दाराकडे तोंड करून होती. पट्टी एकाच डोळ्यावर होती. तू भिंगरीला धरून हसलीस ते मी बघितलं. आई फरशीवरचा चेंडू हातात आला की हसायची तशी हसत होतीस, काही फुटलं नाही म्हणून. इतकं बरं मला त्या दिवसभरात कशानेच वाटलं नव्हतं. तेवढं बघायला एक डोळा पुरला.

आता कुंचली धुताना उभी राहू नकोस. आणि आशीर्वादातला उत्तम हा शब्द पुन्हा गाळू नकोस.

तुझाच,
फौजदार